झोपाळ्याचं शेवटी लिहितो

अल खोर, कतार
शुक्रवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

ती. गोविंदमामा,

भाचा सुरेश याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून करणार होतो, पण उजव्या पायाच्या अंगठ्याला मोठं बँडेज आहे आणि पाय स्टुलावर आहे. वाकलो असं समजून आशीर्वाद द्यावा.) तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि गच्चीवरच्या टाकीची गळती, तिन्हींची खुशाली कळवावी. इकडे अंगठा सोडून सगळं क्षेम आहे. हवा छान पडली आहे, म्हणजे बाहेर थोडा वेळ उभं राहिलं तरी माणूस शिजत नाही. नाशिकच्या फ्लॅटचं काम तुम्ही अंगावर घेतलंत म्हणून मी इथे निर्धास्त आहे. झोपाळ्याचे फोटो मिळाले. सागवान देखणं आहे. हॉलच्या बरोबर मध्यभागी छताला कड्या ठोकायच्या आहेत, मिस्त्री माझ्या होकारासाठी खोळंबलेत आणि रोज येऊन तुमच्याकडे चहा पिऊन जातायत, हेही समजलं. झोपाळ्याचं शेवटी लिहितो. आधी त्या व्हिडिओचं.

तो व्हिडिओ आपल्या परिवाराच्या ग्रुपवर कुणी टाकला याची मी कसून चौकशी केली. टाकणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते असं निष्पन्न झाल्यामुळे पुढची कारवाई स्थगित आहे. त्यात गवती हॅट घातलेला जो इसम गर्दीत उलट्या पावलांनी चालताना दिसतो, तो मीच. तुम्ही खाली "हे काय?" एवढंच लिहिलंत. मामींनी आधी हात जोडल्याचं आणि मग हसून लोळल्याचं चित्र टाकलं, त्यातून त्यांचं नेमकं मत कळत नाही. ग्रुपवर खुलासा करता येत नाही, कारण तिथे नयना आहे. म्हणून हे पत्र. समोरच्या व्हिलातला अमेय रविवारी नाशिकला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतो. सोबत खजुराचा डबा आहे, तो तुमच्या शुगरच्या दृष्टीने मामींनी आधी ताब्यात घ्यावा.

या सगळ्याचं मूळ झोपाळ्यातच आहे. (तरी त्याचं शेवटीच लिहितो.) मे महिन्यात मी रिटायर होणार आणि आम्ही दोघं कायमचे नाशिकला येणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पाठवलेला झोपाळ्याचा पहिला फोटो आला त्या संध्याकाळी नयना मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, तिकडे गेल्यावर आपण दोघं दिवसभर करणार काय? मी लगेच उत्तर दिलं, झोपाळ्यावर बसू. ती म्हणाली, आणि? मी जरा विचार करून म्हणालो, चहा घेऊ. मामा, या उत्तरात खोट काढायला तुम्हाला तरी कुठे जागा दिसते का? पण तिने निवडलेली मेथी आणि देठं एकाच पिशवीत कोंबली आणि आत निघून गेली. बाईने निवडलेली भाजी आपल्या हाताने पुन्हा देठांत मिसळावी, ही साधी गोष्ट नाही. दोन दिवसांनी कळलं की तिने डोनाबाईंच्या नाचाच्या क्लासात आम्हा दोघांची नावं घातली आहेत. यायचं असेल तर या, म्हणाली, नाहीतर नाशिकला झोपाळ्यावर तुम्ही एकटेच बसा. (आमची लेक बंगळुरूला आहे आणि तिच्याकडे आईसाठी एक खोली कायम तयार असते, हे मी विसरलो नव्हतो.) मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? मी गेलो.

डोनाबाई म्हणजे आमच्या प्लांटमधल्या हॅरल्डची बायको. दोघंही टेक्सासची, दोघंही साठीची, दोघंही दारातून वाकून आत येतात. हॅरल्ड बोलत नाही. त्याच्या पट्ट्याला थालीपिठाएवढं बक्कल आहे, जे काय बोलायचं ते तेच बोलतं. डोनाबाई जो प्रकार शिकवतात त्याला हाँकी-टाँक म्हणतात. (मला आधी ते रिक्षाच्या हॉर्नचं नाव वाटलं होतं.) त्यांच्याकडे म्हणे तेलाच्या विहिरींवर दिवसभर राबलेले लोक संध्याकाळी आंघोळ करून, बूट पुसून, बायकोला घेऊन गावाबाहेरच्या एका लाकडी फरशीच्या हॉलमध्ये जातात. तिथे स्टेजवर गाणारा असतो, प्यायला बिअर असते आणि जोड्या त्या फरशीवर गोल फिरत नाचतात. हे ऐकून क्लासातली आम्ही मराठी मंडळी एकमेकांकडे बघू लागलो. आम्हीही तेल आणि वायूतलेच. राबतोही. पण आमची संध्याकाळ म्हणजे हायपरमार्केट. ट्रॉली घेऊन मी पुढे, नयना मागे, आणि ती कुठल्यातरी डाळीपाशी रेंगाळली की मी बिलाच्या रांगेत उभा राहून तिला फोन करणार. आम्ही इथे जोडीने फिरलोच नाही असं मात्र कुणी म्हणू नये, त्या दुकानातली एकही गल्ली आम्ही सोडलेली नाही.

गाण्यांबद्दल लिहायला हवं, कारण तुम्ही संगीतातले. (तुमची पेटी मी विसरलेलो नाही. शेजारीही विसरले नसतील.) या गाण्यांतला नायक बहुतेक एकच. त्याची बायको त्याला सोडून गेलेली असते. जाताना ती गाडी नेते, क्वचित कुत्राही. मग तो दारू पितो, पश्चात्ताप करतो आणि शेवटच्या कडव्यात आईची आठवण काढतो. गिटार पुढ्यात आडवी ठेवून तिच्या तारांवरून एक लोखंडी कांडी अशी सरकवतात की सूर रडत रडत घसरगुंडीवरून खाली येतो. हे ऐकून लोक डोळे पुसत असतील म्हणावं, तर टाळ्या वाजवत नाचत असतात! आपल्याकडे दुःखी व्हायचं म्हणजे आधी नीट बसायचं, दिवा बारीक करायचा आणि कुणीतरी "वा" म्हणायचं. उभ्याने दुःख करायची आपल्याला सवय नाही. न राहवून मी डोनाबाईंना विचारलं की हा बिचारा एवढा रडतोय आणि तुम्ही हसता कशा? त्या म्हणाल्या, तो रडतोय, कारण त्याने तिला कधी नाचायला नेलं नाही. नयना माझ्या शेजारीच उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाहण्याचेही प्रकार आहेत आणि त्यातला हा कुठला ते मला बरोबर कळलं.

नाच दिसायला सोपा आहे. दोघांनी समोरासमोर हात धरायचे, पुरुषाने पुढे चालायचं, बाईने पाठीकडे. काही पावलं भरभर, काही सावकाश. बाईला मागचं दिसत नाही, तेव्हा कुणाला चुकवायचं, कुठे वळायचं, ते पुरुषाने बघायचं. एवढंच. पण मामा, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. मी चालायला लागलो की चालायला लागतो. लग्नानंतर जोडीने सप्तशृंगीला गेलो तेव्हा मी वर पोचून, चपला काढून रांगेत उभा होतो आणि नयना खाली नारळवाल्याशी बोलत होती. आता तीच बाई अगदी नाकासमोर आणि तिला ओलांडून पुढे जायची सोय नाही. पहिल्या दिवशी मी सवयीने चालत सुटलो आणि भिंतीशी पोचल्यावर लक्षात आलं की हात रिकामे आहेत. नयना हॉलच्या दुसऱ्या टोकाला हॅरल्डबरोबर नाचत होती आणि (हे मी द्वेषाने लिहीत नाही) छान नाचत होती.

हे असंच चाललं असतं तर तुमच्यापर्यंत काही पोचलं नसतं. पण डोनाबाई आणि हॅरल्डही यंदा मायदेशी निघालेत, म्हणून त्यांच्या निरोपासाठी क्लबमध्ये एक हाँकी-टाँक संध्याकाळ ठरली आणि त्याचा सुगावा आमच्या इथल्या मराठी मंडळाला लागला. मराठी माणसाला नाच येवो न येवो, उपसमिती नेमता येते. अध्यक्षांनी त्यात दीपप्रज्वलन घातलं, प्रास्ताविक घातलं, डोनाबाईंची खणानारळाने ओटी घातली आणि शेवटी आभारप्रदर्शन. बिअरच्या जागी मठ्ठा आणि कडक चहा. (गाण्यातल्या त्या दारुड्याने मठ्ठा पिऊन पश्चात्ताप केला असता, तर सकाळी त्याचं डोकं तरी दुखलं नसतं.) टेक्सासच्या हॉलात बसायला गवताचे भारे असतात असं कळल्यावर, हमद पोर्टला कामाला असलेला आपला रत्नागिरीचा नसरुद्दीन उंट-मेंढ्यांच्या चाऱ्याच्या दुकानातून पिकअप भरून गवत घेऊन आला. त्याच्या रुकैयाभाभींनी सांदणं करून आणली. सेफ्टीची जबाबदारी ओघानेच माझ्याकडे आली. रास लफानच्या गॅस प्लांटवर नोकरीभर मी लोकांना "जपून चाला" हेच सांगत आलोय. गवत आणि समई एका छपराखाली नको, म्हणून मी बॅटरीची समई आणवली. फरशी निसरडी असल्याचा पिवळा फलक कोरड्या फरशीवर लावला. मी स्वतः सेफ्टी बूट घालणार होतो, चवड्यावर पोलाद असलेले, पण नयना म्हणाली, ते घालणार असाल तर मी हॅरल्डबरोबर नाचेन. सुचतील ते सगळे धोके मी विचारात घेतले होते, एक सोडून.

तो धोका म्हणजे अमेयच्या आजी, लक्ष्मीबाई. हिवाळ्यापुरत्या साताऱ्याहून आल्या आहेत. आमच्या तालमी अमेय आणि त्याची बायको ईरा यांच्या हॉलमध्ये होत, सोफे भिंतीला सरकवून. पण एसीचा झोत अंगावर येत नाही अशी त्या हॉलात एकच जागा आहे, बरोबर मधली, आणि तिथे खुर्ची टाकून आजी बसत. त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा सगळ्या जोड्या आजींभोवती फिरू लागल्या. डोनाबाईंनी शिकवल्याप्रमाणे, म्हणजे मध्य डाव्या हाताला ठेवून. अर्धा फेरा होतो न होतो तोच आजींनी काठी आपटली. "देव असो की माणूस, उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं. डाव्या हाताला ठेवून कधी फिरतात माहितीये ना? मला अजून अवकाश आहे!" गाणं बंद झालं. ईरा म्हणाली, आजी, हा नाच आहे, प्रदक्षिणा नव्हे. आजी म्हणाल्या, मधे मी बसलेय की नाही? मंडळाच्या सचिवांनी तोडगा काढला की महादेवाच्या देवळात करतो तसं अर्ध्यातून परत फिरावं, म्हणजे आजींचाही मान राहील आणि टेक्सासचाही. यावर बरीच चर्चा झाली. (दोघांनी अनुमोदनही दिलं.) शेवटी गोल कुठूनही फिरला तरी गोलच, असा ठराव होऊन आम्ही आजींना उजव्या हाताला घेतलं. आणि काय सांगू, सगळ्यांची पावलं आपोआप बरोबर पडायला लागली! जन्माची सवय ती. मी नयनाला सोडून एकदाही भिंतीशी गेलो नाही. आजी मधूनमधून आशीर्वादही देत होत्या.

त्या संध्याकाळी क्लबचा हॉल भरला होता. अध्यक्षांचं प्रास्ताविक हाँकी-टाँकच्या उगमापासून सुरू होऊन मंडळाच्या वर्गणीपर्यंत आलं, तोवर मठ्ठा संपला. मग गाणं लागलं. अमेरिकन, कॅनेडियन आणि फिलिपिनो जोडपी एका दिशेने फिरू लागली, आणि आमचं अख्खं मंडळ हॅटा सावरत त्यांच्या समोरून शिरलं. मामा, या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चौकातला गोल डाव्या हाताला ठेवून वळतात. अल खोरच्या प्रत्येक गोलाला मी इतकी वर्षं रोज तसाच वळसा घालतोय, कुठल्या देवाचा कोप झाल्याचं आठवत नाही. पण त्या क्षणी आमचे सगळ्यांचे पाय लक्ष्मीबाईंच्या ताब्यात होते. मठ्ठ्याच्या टेबलापाशी उभा असलेला नसरुद्दीन ओरडला, "अरे सुरेशभाई, राउंडअबाउटला राँग साइड घुसलात सगळे! यल्ला, रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!" रिव्हर्स घ्यायचं तर मागे अध्यक्ष. अध्यक्ष सपत्नीक एका कॅनेडियन जोडीत शिरले आणि बाहेर आले तेव्हा जोड्या बदललेल्या होत्या. सचिव आपल्या तोडग्याप्रमाणे अर्ध्यातून परत फिरले आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर गेले. अमेय आणि ईरा गवताच्या भाऱ्यावर बसलेले दिसले, ते दमून नव्हे, आदळून.

आणि माझ्या समोर नयना. पाठीकडे चाललेली, माझ्याकडे बघत, गालात हसत. तिच्या मागून हॅरल्ड आणि डोनाबाई पूर्ण वेगाने येत होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिने वळून पाहिलंही नाही, कारण बघायचं काम माझं, असं तिला शिकवलेलं. मामा, मी नोकरीत गॅसचे अलार्म ऐकलेत, पण एवढा कधी घाबरलो नव्हतो. मी प्रसंगावधान राखून तिला झटकन आपल्याकडे ओढलं आणि हॅरल्डचा बूट, जो तिच्या टाचेवर पडायचा, तो पाय पुढे घालून स्वतःच्या अंगठ्यावर घेतला. हूं की चूं केलं नाही. मग वळायला जागा नव्हती, म्हणून आहे तसाच रिव्हर्स घेतला. आता नयना पुढे चालत होती आणि मी पाठीकडे. दिशा एकदाची बरोबर झाली.

त्या व्हिडिओत तुम्ही पाहिलंत ते हे. मागचं काही दिसत नसताना दुसऱ्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मी थांबायला लागलो तर नयना म्हणाली, अहो थांबू नका, गाणं अजून बाकी आहे. मला दिसत होता तो फक्त तिचा चेहरा. एवढा वेळ सलग मी तो लग्नातही पाहिला नव्हता, तेव्हा अंतरपाट होता आणि नंतर पंगत. ती हसत होती. अंगठा ठणकत होता आणि तो गाण्यातला इसम बायको गेली म्हणून गळा काढत होता, पण माझी माझ्यासमोर होती. मला फार आनंद झाला, मामा. ते गाणं संपू नये असं वाटलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. आभारप्रदर्शन नाचापेक्षा लांबलं, त्यात चाऱ्याच्या दुकानदाराचेही आभार मानले गेले. ओटी घेताना डोनाबाई रडल्या. हॅरल्ड प्रथमच बोलला. तो म्हणाला की आयुष्यभर या फरश्यांवर नाचलो, पण असं कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी ते अहवालात कौतुक म्हणून घातलंय. लक्ष्मीबाई पुढच्या खुर्चीवर होत्या. त्यांचं म्हणणं असं की ती सगळी परदेशी माणसं उलटी फिरत होती, तुम्ही तेवढे बरोबर होतात.

तर हा एवढा खुलासा. या वयाला न शोभणाऱ्या प्रकारात माझा काही पुढाकार नव्हता. आपल्या घराण्यात असलं कधी झालेलं नाही आणि मी नाशिकला आल्यावर होणारही नाही, याची ज्याला त्याला खात्री द्यावी. मामींना नमस्कार, मिस्त्रींना रामराम. टाकीचं तेवढं कळवा.

तुमचा,
सुरेश

ता. क. झोपाळ्याचं. मामा, मिस्त्रींना सांगा कड्या ठोकू नका. झोपाळा नको. दिवाण नको, सोफा नको, शोकेस तर मुळीच नको. हॉल मोकळा ठेवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सागवान आणून झालंय, झोपाळ्यासाठी मीच तुमच्यामागे भुणभुण लावली होती आणि आता तुम्हालाच मिस्त्रींसमोर तोंडघशी पाडतोय, हे सगळं मला कळतं. पण एवढं माझ्यासाठी कराच. फरशी गुळगुळीत हवी, गालिचा नको. कुणी विचारलं तर सांगा, सुरेश सेफ्टीतला माणूस, डोक्यावर टांगलेलं वजन त्याला चालत नाही.

आणखी एक ता. क. नयनाला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय झोपाळाच येतोय. मे महिन्यात दार उघडेपर्यंत तिला कळता कामा नये. पत्र मामींनाही दाखवू नका, त्या लगेच तिला फोन करतील.

ता. क. (अक्षर वेगळं दिसेल.) गोविंदमामा, नयनाचा नमस्कार. खजुराच्या डब्याला दोरी बांधताना पाकीट सापडलं, चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलंय हे यांना कळू देऊ नका. यांच्या अंगठ्यावर पाय हॅरल्डचा नव्हता, माझा होता. ते दोघं येताना बघून यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, हॅरल्डच बिचारा बाजूने निघून गेला. पण यांनी माझा हात सोडला नव्हता, ते लिहायचं राहिलंय. झोपाळा रद्द करू नका. खिडकीपाशी टांगा आणि मधला भाग मोकळा ठेवा. यांना एका गाण्यानंतर बसावं लागतं.